चिंधीला इस्त्री

सुभेदार मानसिंग फौजेतून रिटायर होऊन उंब्रजला घरी येऊन बसले, त्याला दोन उन्हाळे होऊन गेले होते; आणि खोटं कशाला बोला, या दोन उन्हाळ्यांत घरात कुणी त्यांच्यावर धड असं एकही काम सोपवलं नव्हतं. दूध आणा, गॅसचा नंबर लावा, पाव्हणा आलाय तर त्याच्याशी बोलत बसा, एवढीच मजल. बर्फात चौकी सांभाळलेल्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरात साधी फोडणी द्यायची परवानगी नव्हती. एकदा मिळाली होती. ती परत का काढून घेतली हे सुभेदारांना पक्कं माहीत होतं, म्हणून तो विषय ते स्वतःहून काढत नसत.

तसा दोष कुणाचाच नव्हता. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचं, चार दिवस कौतुक करून घ्यायचं आणि घराची लागलेली घडी विस्कटून परत जायचं, असाच त्यांचा संसार झाला होता. तेवढ्या वर्षांत सुलाबाईनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ऊस लावला आणि तोडला, लेकीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं, घरामागचं परडं फुलवलं. सगळं यांच्यावाचून बिनबोभाट चाललं होतं. आता हे कायमचे आले, तर यांना कुठं ठेवायचं हा प्रश्न नव्यानं आणलेल्या कपाटासारखा घरात उभा होता. जिथं ठेवावं तिथं आडवं यायचं.

म्हणून मे महिन्याच्या तोंडाला सुलाबाई पाचगणीला निघाली आणि जाता जाता म्हणाली की परडं आता तुमच्या ताब्यात, तेव्हा सुभेदारांना मनातून जे वाटलं ते त्यांना बढतीच्या वेळीही वाटलं नव्हतं. लेक पल्लवी पाचगणीच्या एका शाळेत नोकरीला होती, तिचं दुसरं बाळंतपण होतं, आणि सुलाबाई महिनाभर तरी तिकडून हलणार नव्हती. एवढा वेळ परडं आपलं. वांगी, मिरच्या, भेंडी, गवारी, न्हाणीच्या पाण्यावर माजलेलं अळू. कुंपणाच्या कडेनं मोगरा, अबोली, जास्वंद. आणि मधोमध दुधी भोपळ्याचा मांडव.

निघायच्या आधी सुलाबाईनं त्यांना त्या मांडवाखाली नेलं. तिथं एका भोपळ्याला लाल चौकड्याची चिंधी बांधलेली होती. भोपळा दिसायला काही खास नव्हता. बुटका, पोट सुटलेला, रंगानं उतरलेला. पण तो कवठे महांकाळचा होता. म्हणजे सुलाबाईच्या माहेरचा. तिची आई धोंडुबाई दरसाल त्याचं बी धरायची, आणि तिच्या आधी तिची सासू धरायची. कमी पाण्यावर येणारा, चवीला गोड असा तो भोपळा बाजारात कुठं मिळत नव्हता. गेल्या साली धोंडुबाई गेली. चिंधी तिच्याच लुगड्याची होती.

"बाकी तुमाला काय करायचं ते करा," सुलाबाई म्हणाली. "ह्यो बियाला ठेवलाय. ह्येला हात लावू नगा. आणि येलाला एक दिवस बी पाणी चुकवू नगा. आईचं एवढंच उरलंय."

सुभेदारांनी मान हलवली, पण नुसती नव्हे, टाचा जुळवून. सुलाबाईनं त्यांच्या टाचांकडे बघितलं, एक सुस्कारा सोडला आणि पिशवी उचलली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सुभेदार दोरी, खुंट्या, गेरूचा डबा आणि चुन्याची बादली घेऊन परड्यात उतरले. बाग कशी पाहिजे? एका नजरेत दिसली पाहिजे. वाफ्याच्या कडेचे दगड त्यांनी सरळ रेषेत लावले आणि चुन्यानं रंगवले. कुंड्यांना गेरू दिला, वर पांढरा पट्टा ओढला. शेवग्याच्या बुंध्यालाही पट्टा ओढला. वेलांच्या बुडाशी सुलाबाईनं उसाचं पाचट पसरून ठेवलं होतं, ते कचरा समजून गोळा केलं आणि पेटवून दिलं. एक वांग्याचं झाड ओळीच्या वीतभर बाहेर उगवलेलं होतं. ते त्यांनी मुळासकट काढून ओळीत आणून लावलं. भर मे महिन्यात, टळटळीत उन्हात. संध्याकाळपर्यंत त्या झाडानं मान टाकली, पण टाकली ती ओळीत, एवढं समाधान.

मोगऱ्याचं मात्र फार झालं. मोगरा आडवातिडवा वाढला होता, म्हणून सुभेदारांनी कात्री घेऊन त्याची कटिंग केली, नव्या रंगरुटाची करतात तशी. कळ्यांनी लगडलेलं झाड होतं. गल्लीतल्या बायका रोज संध्याकाळी मूठभर कळ्या न्यायला यायच्या, त्या दाराशी आल्या, आत बघितलं आणि रिकाम्या हातानं परत गेल्या. सुभेदारांना वाटलं, थक्क झाल्या.

आता मांडवाचं सांगायला पाहिजे, कारण पुढचं सगळं तिथंच घडलं. त्या मांडवावर एक नव्हे, दोन वेल होते. एक धोंडुबाईचा. दुसरा सुभेदारांचा स्वतःचा. फेब्रुवारीत कराडच्या एका दुकानातून त्यांनी पाकिटातलं हायब्रीड बी आणून हौसेनं लावलं होतं, आणि त्याला लांबसडक, गुळगुळीत, फोटोत असतात तसे भोपळे लागले होते. सुलाबाईनं ते बघून 'चांगलं हाय की' असं म्हटलं होतं. पाव्हण्याच्या पोरानं गाणं म्हटल्यावर म्हणतात, त्या आवाजात.

धोंडुबाईच्या वेलाला शिस्त म्हणून नव्हती. मांडव सोडून तो भिंतीवर चढला होता आणि भिंतीपलीकडं शेजारच्या रंगुबाईच्या गोठ्यावर गेला होता. गोठ्याच्या पत्र्यावर उन्हासाठी पाचट अंथरलेलं होतं, त्यात वेल खुशाल पसरला होता. सुभेदारांना हे पटलं नाही. वेल आपला, गोठा त्यांचा, मग हद्द ओलांडायची गरज काय? त्यांनी भिंतीवर उभं राहून वेल आपल्या बाजूला ओढायला घेतला. तेवढ्यात रंगुबाई विळा घेऊन गोठ्यातून बाहेर आली. सत्तरी ओलांडलेली बाई, पण आवाज असा की तिच्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवून ऐकायच्या. ती म्हणाली, वेलाला हात लावू नगा, माझ्या जनावरास्नी सावली हाय त्येची. सुभेदारांनी हद्दीचा मुद्दा मांडला. रंगुबाईनं नुसता विळा या हातातून त्या हातात घेतला. सुभेदार भिंतीवरून खाली उतरले, आणि ही माघार नसून डावपेच आहे असं त्यांनी स्वतःला समजावलं.

आठवडाभरात परडं असं चकाचक झालं की सुभेदारांनी त्याचे फोटो काढून माजी सैनिकांच्या ग्रुपवर टाकले. भराभर अंगठे आले. त्यांच्या हाताखाली हवालदार असलेला जयराज जवळच राहायचा. त्यानं लिहिलं, साहेब, बाग बघायला येतो. सुभेदारांनी त्याच्यासकट तिघाचौघांना रविवारी सकाळी बोलावलं. आणि शनिवारी दुपारी, शेवटची नजर फिरवताना, त्यांना ती चिंधी दिसली.

चिंधी मळलेली होती. तिच्यावर धूळ होती, एका बाजूला पाखराची शीट होती. एवढ्या देखण्या बागेत तेवढंच एक गालबोट. सुलाबाईनं भोपळ्याला हात लावू नका म्हटलं होतं; चिंधीबद्दल तिनं काही म्हटलं नव्हतं. सुभेदारांनी चिंधी सोडली. साबण लावून धुतली. दोरीवर वाळत घातली. आणि कडक वाळल्यावर तिला व्यवस्थित इस्त्री केली, चारी कोपरे जुळवून.

रविवारी सकाळी इस्त्रीची चिंधी तळहातावर घेऊन ते मांडवाखाली गेले आणि वर बघत उभे राहिले. पानांतून भोपळेच भोपळे लोंबत होते. सुभेदारांचे आणि धोंडुबाईचे, वेल तर एकमेकांत असे गुंतलेले की देठ कुणाचा ते कळेना. कुठला बरं? काल सोडताना नजर होती ती चिंधीवर, भोपळ्यावर नव्हे. मधोमध होता, एवढं आठवत होतं. पण मधोमध तर चार होते. मग सुभेदारांनी डोकं चालवलं. बियाला माणूस काय ठेवतो? सगळ्यात चांगलं असेल ते. आणि सगळ्यात चांगला कुठला, हे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. लांब, हिरवागार, तुकतुकीत. त्यांनी त्याच्या देठाला चिंधी बांधली, फौजेतल्यासारखी पक्की गाठ मारून, आणि दोन पावलं मागं येऊन बघितलं. छान दिसत होती.

पाव्हणे आले, चहा-पोहे झाले. बागेचं कौतुक झालं. कुणी दगड बघितले, कुणी कुंड्या बघितल्या. निघताना सुभेदारांनी पिशव्या भरभरून भोपळे दिले; चिंधीचा तेवढा सोडून मांडव अगदी मोकळा झाला. जयराजच्या वाट्याला शेवटचा आला, एक बुटका, पिवळट, पोट सुटलेला. सुभेदारांनाच थोडं ओशाळल्यासारखं झालं. रूपावर जाऊ नको, घरचा आहे, चवीला चांगला, असं सांगून त्यांनी तो त्याच्या पिशवीत घातला.

दुसऱ्या दिवशी जयराजचा फोन आला. तो आधी बराच वेळ हसत होता. मग म्हणाला, "साहेब, भोपळा दिलासा का तोफेचा गोळा? सुरी वाकली. मग कोयत्यानं फोडला. आत नुसतं बी, टणक झालेलं. म्हशीपुढं टाकला झालं."

सुभेदार खुंट्यांच्या बाजूच्या रंगवलेल्या दगडावर बसले.  त्यांनी विचारलं, गव्हाणीत काही उरलंय का बघ की. जयराज जाऊन बघून आला. म्हशीनं गव्हाण चाटून साफ केली होती.

फोन ठेवला. धोंडुबाई त्यांच्या डोळ्यांपुढं आली. लग्नानंतर पहिल्या सुट्टीत ते सासुरवाडीला गेले होते, तेव्हा तिकडं प्यायला पाणी नव्हतं; पण ती बाई हात धुतलेलं पाणीसुद्धा तांब्यात धरून त्या वेलाच्या बुडाशी ओतायची. जावयानं विचारलं तर हसून म्हणाली होती, माणसं काय, कुणाकडं मागून बी पितील. दुष्काळातनं जे जगवलं, लेकीच्या हवाली केलं, ते तुझ्या हातात आल्यावर किती टिकलं मानसिंग? एक आठवडा. आणि कशापायी, तर चिंधी मळली होती म्हणून. सुभेदारांना स्वतःचा इतका राग आला की त्यांनी समोरचा पांढरा दगड पायानं ओळीबाहेर ढकलला. मग सवयीनं तो परत सरळ केला. उठले तर पँटला मागं चुना लागला होता, तो त्यांना संध्याकाळी दूध आणून झाल्यावर कळला.

चूक झाली की ती वर कळायच्या आत दुरुस्त करायची, हे ते नोकरीत चांगलं शिकले होते. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी एसटी धरली. कराड, तिथून सांगली, तिथून पुढं कवठे महांकाळ. खिडकीतून येणारा वारा भट्टीतला असल्यासारखा तोंडावर येत होता. सुलाबाईचा धाकटा भाऊ नानासो त्यांना द्राक्षाच्या बागेत सापडला. अचानक दाजी आलेले बघून तो घाबरला, आक्का बरी हाय न्हवं म्हणाला. सुभेदारांनी सहज आल्याचं सांगितलं. बेचाळीस डिग्री उन्हात, दोन गाड्या बदलून, सहज. मग पाऊसपाण्याचं बोलून झालं, बेदाण्याच्या भावाचं झालं, जेवण झालं, आणि हात धुता धुता सुभेदारांनी जणू आत्ताच आठवल्यासारखं विचारलं की आईच्या भोपळ्याचं थोडं बी तुमच्याकडं असेल ना?

"आमच्यात कुठलं बी, दाजी?" नानासो म्हणाला. "दुष्काळात आमचा येल जळाला. उरलंसुरलं बी आईनं आक्काच्या पदरात बांधून दिलं. आवं, यंदा मीच आक्काकडं मागायला येणार हाय. आईचा येल दारात नसला की घर कसं वसाड दिसतंय."

सुभेदार म्हणाले, ये की, यंदा लय बी हाय. हे त्यांच्या तोंडातून कसं निघालं त्यांचं त्यांना कळलं नाही. नानासोला आनंद झाला. त्यानं दाजींना पिशवीभर बेदाणे बांधून दिले. बी आणायला गेलेला माणूस बेदाणे आणि वर एक नवीन थाप घेऊन घरी आला.

आता एकच वाट उरली होती. वेल अजून जिवंत होता. त्याला नवीन फळ धरलं, तर अजून काही बिघडलं नव्हतं. पण उन्हाळा असा पेटला होता की इवलासा भोपळा दिसायचा, दोन दिवसांत पिवळा पडायचा आणि गळून जायचा. सुभेदारांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितले. त्यात एक तरुण सांगत होता की भोपळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा नर फूल तोडून मादी फुलाला हलकेच लावावं. झालं. रोज दिवेलागणीला सुभेदार पांढरं फूल चिमटीत धरून मांडवाखाली टाचा उंचावून उभे. एकदा भिंतीवरून रंगुबाई डोकावली आणि काय चाललंय म्हणून विचारलं. सुभेदार म्हणाले, तपासणी. रंगुबाईनं त्या फुलाकडं बघितलं, सुभेदारांकडं बघितलं, आणि पदर तोंडाला लावून खाली गेली.

त्यात नळाचं पाणी कमी झालं. दिवसाआड येऊ लागलं, तेही करंगळीएवढं. सुभेदार मग पलीकडच्या आळीतल्या बोअरवरून कॅन भरून आणू लागले, दोन हातांत दोन, सकाळी आणि संध्याकाळी. खांदे भरून यायचे. मान उन्हानं सोलून निघाली. तरी पहिलं पाणी धोंडुबाईच्या वेलाला, मग बाकीच्यांना, आणि उरलं तर स्वतःच्या आंघोळीला. जाळलेल्या पाचटाची आता त्यांना आठवण आली. त्यांनी रंगुबाईकडंच पाचट मागितलं, हद्दीचा मुद्दा विसरून, आणि वेलाच्या बुडाशी जाडजूड थर पसरला. पांढऱ्या दगडांवर धूळ बसली, कुंड्यांचा गेरू उडाला, ओळीत दोन कुठलीशी रोपं आपोआप उगवली. सुभेदारांनी कशालाच हात लावला नाही. आपला हात कुठंही न लागलेला बरा, असं त्यांचं मत झालं होतं.

सुलाबाईचा रोज संध्याकाळी फोन यायचा. पल्लवीला मुलगा झाला, बाळबाळंतीण खुशाल होती. सगळं सांगून झालं की ती एकच विचारायची, येलाला पाणी घालताय न्हवं? सुभेदार म्हणायचे, घालतोय. आणि ती फोन ठेवायची. भोपळा कसा आहे, हे तिनं एकदाही विचारलं नाही. किती विश्वास टाकलाय बघा बिचारीनं, असं वाटून सुभेदार ताटातली भाकरी अर्धी टाकून उठायचे. तिनं विचारलं असतं तर खोटं बोलून मोकळं तरी होता आलं असतं.

वेल तरारून उठला. मांडवभर झाला, भिंतीवर दाट झाला, गोठ्यावर तर हिरवी चादर. फळ मात्र एक धरेना. पुढं पुढं सुभेदारांनी फुलांचा नाद सोडला. पाणी सोडलं नाही. का घालतोय ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. सांगितलं होतं तेवढंच एक तर करून दाखवू, असं काहीतरी असेल.

जून लागला आणि मृगाच्या तोंडावर सुलाबाई परत आली. सुभेदार तिला आणायला स्टँडवर गेले तेव्हा काय सांगायचं, कुठल्या क्रमानं सांगायचं, सगळं त्यांनी तोंडपाठ केलं होतं. घरी येऊन ती पाणी प्यायली, पायांवर पाणी घेतलं आणि थेट परड्यात गेली. धुळकट पांढरे दगड बघितले. शेवग्याचा पट्टा बघितला. बोडक्या मोगऱ्यापाशी जरा जास्त वेळ थांबली. मग मांडवाखाली आली. हायब्रीड भोपळा एव्हाना मुसळाएवढा झाला होता आणि त्याच्या देठाला ती चिंधी होती. सुलाबाईनं चिंधी बोटांत धरून चाचपली.

"ह्येला इस्त्री केलीया?" ती म्हणाली.

सुभेदारांचं पाठ केलेलं सगळं उडालं. ते टाचा जुळवून ताठ उभे राहिले आणि जे झालं ते भडाभडा सांगून टाकलं. धुतलेली चिंधी, जयराजची म्हैस, नानासोला मारलेली थाप, व्हिडिओतला तरुण, सगळं. शेवटी म्हणाले, "एवढं एकच तू माझ्या हातात दिलं होतंस, सुला. तेवढंही मला जमलं नाही." त्यांचा आवाज चिरकला. पाठ केलेल्यात ते नव्हतं.

सुलाबाई पुढं झाली. तिनं त्यांच्या सोललेल्या मानेकडं बघितलं, मग वेलाच्या बुडाशी वाकून पाचट बाजूला केलं आणि ओली माती चिमटीत घेऊन बघितली. उठून भिंतीशी गेली आणि रंगुबाईला हाक मारली. रंगुबाई जणू भिंतीपलीकडं वाटच बघत होती. शिडी लावलीया, सुबेदारास्नीच चढू द्या, म्हणाली.

सुभेदार काही न समजता पलीकडं गेले, शिडी चढले. गोठ्यावर वेलाची पानं अशी दाट होती की पत्रा दिसत नव्हता. खालून रंगुबाई म्हणाली, उजव्या अंगाला, पाचटात हात घाला. सुभेदारांनी हात घातला. हाताला काहीतरी गोल, टणक लागलं. पानं बाजूला केली तर पाचटाच्या घरट्यात एक बुटका भोपळा बसला होता, वाळून तपकिरी झालेला, आणि त्याच्या देठाला लाल चौकड्याची चिंधी होती. त्याच लुगड्याची, दुसरी अर्धी. मळलेली. सुभेदारांनी भोपळा काढून हलवला तर आत बी खुळखुळलं.

ते शिडीवरच थांबले. आनंद तर झाला होता. आणि त्याच वेळी कुणीतरी भरचौकात टोपी उडवल्यासारखंही वाटत होतं. महिनाभर ज्यापायी जीव काढला तो भोपळा नुसता दाखवायचा होता. खरा इथं होता, त्यांच्या नजरेआड, एका म्हातारीच्या पहाऱ्यात.

"म्हणजे माझ्यावर भरवसा नव्हता," ते वरूनच म्हणाले.

"पाण्याचा व्हता," सुलाबाई भिंतीपलीकडून म्हणाली. "हाताचा न्हवता."

रंगुबाई हसली, पण लगेच म्हणाली की ते खरंच हाय, पत्र्यावरचा येल ह्या उन्हात दोन दिवस पाणी न्हाई म्हटलं की गेला असता, बी पिकलं ते तुमच्या कॅनमुळं. शिवाय तुमी येल वढला न्हाई ते बरं केलंसा. सुभेदारांना त्या विळ्याची आठवण झाली. ते चिडायचा विचार करत होते, पण कुठून सुरुवात करावी ते सुचेना, आणि मग त्यांना हसू फुटलं. शिडीवर उभं राहून, पोटाशी भोपळा धरून ते हसत राहिले, आणि डोळ्यांतून आलेलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता.

ओसरीवर बसून सुलाबाईनं भोपळा फोडला. बी सुरेख भरलं होतं, एकेक दाणा टच्च. तिनं नानासोचा वाटा काढला, रंगुबाईची मूठ काढली, मृगाला लावायचं वेगळं ठेवलं. उरलं ते पुढच्या सालासाठी. ते बांधायला तिनं इकडंतिकडं बघितलं आणि सुभेदारांना ती चिंधी आणायला सांगितली. सुभेदारांनी हायब्रीडच्या देठावरची गाठ सोडली. घट्ट गाठ, सुटता सुटेना. सुलाबाईनं चिंधी मांडीवर पसरली, तिच्यावर कीड लागू नये म्हणून राखेत घोळलेलं बी ठेवलं आणि पुरचुंडी केली. मग ती पुरचुंडी तिनं त्यांच्या हातात दिली.

"तुमच्या फौजेच्या पेटीत ठिवा," ती म्हणाली. "उंदीर लागत न्हाई तिथं."

सुभेदार उठले. काळी पेटी उघडली, गणवेशाच्या घडीखाली पुरचुंडी नीट ठेवली. ती बरोबर मधोमध आहे ना, ते वाकून बघितलं. मग पेटी बंद केली, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. मागं वळले तर सुलाबाई दारात उभी होती.

"आणि किल्ली?" ती म्हणाली, आणि तिनं हात पुढं केला.

सुभेदारांनी किल्ली तिच्या हातावर ठेवली आणि बोअरवर जायला दोन्ही कॅन उचलले.